ओडिया, चेक आणि एक खड्डा

ओडिया आणि चेक या दोन्ही भाषा येणारा माणूस नाशिकमध्ये माझ्याशिवाय दुसरा नव्हता, असं मी गेली कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो आहे. अजून कोणी ते खोटं ठरवायला आलेलं नाही. आमच्या कॉलनीत या गोष्टीचं कुणाला फारसं कौतुक नाही. "मग त्याचा उपयोग काय?" एवढंच लोक विचारतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मात्र "दोन्ही भाषांची तुलना करून द्या" असा निरोप धाडला. मी भाषेचा पंडित नाही. सातपूरच्या एका कारखान्यात दुभाषी होतो. तेव्हा तुलना होईल ती कारखान्याच्या आवारातली, हातातल्या कामापुरती.

दोन्ही भाषा मला एकाच ठिकाणी लागल्या. तरुणपणी मी रांचीकडच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीला होतो. तिथे चेकोस्लोव्हाकियाहून आलेले तज्ज्ञ असत आणि त्यांच्यातल्या एकाची बायको संध्याकाळी भाषेचा वर्ग घ्यायची. परीक्षा पास झालं की बढती मिळते अशी आवई उठली होती, म्हणून पहिल्या दिवशी खोलीत बसायला जागा नव्हती. दिवाळीपर्यंत बाईंसमोर आम्ही दोघे-तिघेच उरलो. ओडिया शिकवायला मात्र कोणी नव्हतं. माझ्या खोलीतला सोबती कटकचा आणि मेसचा स्वयंपाकी ओडिशातल्याच गंजामचा, त्यामुळे वेळेवर आणि पोटभर जेवायचं असेल तर ती यायलाच हवी होती. पुढे वडिलांच्या आजारपणामुळे मी नाशिकला परतलो. तेव्हा सातपूरला एक खासगी कारखाना चेकोस्लोव्हाकियाचा फोर्जिंग हॅमर बसवणार होता. तापलेलं लोखंड ठोकून आकाराला आणणारा हा घण, पण दुमजली घराएवढा उंच. तो बसवायला येणारा इंजिनिअर चेक, आणि जड सामान हलवणारी टोळी ओडिशाची. मी मुलाखतीला गेलो आणि दोन्ही भाषा येतात म्हणालो, तेव्हा मॅनेजर पाटणकरांना आधी वाटलं की मी थापा मारतोय.

आता तुलना. चेक माणसाकडे स्वरांची भारी चणचण असते. आमच्या इंजिनिअरचं आडनाव होतं स्मर्झ, आणि त्यांच्या लिपीत लिहिलं तर त्यात एकही स्वर नाही. सगळी व्यंजनं एसटीतल्या माणसांसारखी एकमेकांना चिकटून उभी. ओडिया माणसाचं बरोबर उलट. त्याचा शब्द स्वरावर संपल्याशिवाय संपत नाही. आपण 'घर' म्हणून र वर थांबतो, तो 'घरॉ' म्हणतो आणि तोंड उघडंच ठेवतो. दिवसाला चेक म्हणतो 'देन', ओडिया म्हणतो 'दिनॉ'. शब्द एकच, एकाने दार लावून घेतलंय आणि दुसऱ्याने उघडं टाकलंय. टोळीने स्मर्झचं लगेच 'समरजॉ बाबू' केलं. आमच्या मराठी कामगारांनी 'समर्थसाहेब' करून टाकलं, आणि समर्थ रामदासांची टाकळी गावातच असल्यामुळे ते सगळ्यांच्या तोंडात बसलंही.

चेकमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. खुर्ची ती, टेबल तो, हे पाठ करण्यात बाईंच्या वर्गातली निम्मी मंडळी गळाली. मला ते जड गेलं नाही, कारण आपल्याकडे तोच जाच लहानपणापासून असतो. ओडियात ही भानगडच नाही, तिथे मुलगा येतो तसाच मुलगीही येतो. पण ओडियात आपला ळ आहे. हिंदीवाल्याला जन्मभर जो येत नाही तो ळ कटकच्या माणसाच्या तोंडून सहज ऐकला, तेव्हा मला परमुलुखात गाववाला भेटल्यासारखं वाटलं होतं. चेक लोकांपाशी र आणि झ एकाच वेळी म्हणायचा एक उच्चार आहे. तो मला अखेरपर्यंत जमला नाही, आणि स्मर्झ यांना ळ जमला नाही, म्हणून आमची फिट्टंफाट झाली. थोडक्यात, एका भाषेशी आपलं लिंगावरून जमतं आणि दुसरीशी ळ वरून. मराठी माणूस दोघांच्या मधे बरा उभा राहू शकतो.

दुभाष्याचं काम बाहेरून सोपं दिसतं. याने सांगितलं ते त्याला सांगायचं. पण स्मर्झ एखाद्या बेअरिंगबद्दल पाच मिनिटं बोलायचे आणि मी सांगायचो, "ते म्हणतात, पुसून घ्या." पाटणकर संशयाने बघायचे. "एवढंच म्हणाले?" एवढंच म्हणालेले असायचे, बाकीचं स्वतःशी असायचं. टोळीचा सरदार दैतारी याच्या उलट. तो एक शब्द बोलायचा आणि मला त्याची तीन वाक्यं करावी लागायची. दैतारी चाळिशीचा, उंच, हाडकुळा माणूस. पान खायचा आणि गप्प असायचा. हिंदी त्याला कामापुरती यायची, पण कुणी चढ्या आवाजात हिंदी बोललं की तो ओडियात उत्तर द्यायचा. हे त्याला येत नाही म्हणून होतं की ठरवून होतं, ते मी कधी विचारलं नाही.

दैतारीच्या टोळीला कारखान्यात खलाशी म्हणत. समुद्राशी त्यांचा संबंध नाही. दोर, साखळी, कप्पी आणि ओंडके घेऊन टनावारी लोखंड इकडून तिकडे नेणारे हे लोक. क्रेन जिथे पोचत नाही तिथे खलाशी लागतो. मोठमोठी खोकी ट्रेलरवरून उतरवायचा पहिला दिवस होता, आणि टोळीने दोर खांद्यावर घेऊन सूर लावला. एक जण ओळ सांगणार, बाकीचे शेवटच्या शब्दावर जोर लावणार. स्मर्झ हात वर करून ओरडले. त्यांच्या देशात असलं काम शांततेत होतं, एक जण हाताने खुणा करतो आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात. गाणाऱ्या माणसाचं लक्ष कामावर नसतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते दैतारीला सांगितलं. तो म्हणाला, "ओढताना सगळ्यांनी मान खाली घातलेली असते बाबू, खुणा बघणार कोण?" मी ते चेकमध्ये सांगितलं. स्मर्झ यांनी मान खाली घालून दोर ओढल्याची नक्कल करून पाहिली, स्वतःशी हसले आणि म्हणाले, "टाक यो." म्हणजे, बरं तर मग. हे त्यांचं पालुपद होतं, दिवसातून शंभरदा यायचं.

पुढे गंमत झाली. स्मर्झ सारखे "पोमालु, पोमालु" म्हणायचे, म्हणजे हळू. टोळीने तो शब्द गाण्यातच घातला. सातपूरच्या उन्हात दहाबारा ओडिया माणसं "पोमालु रे भाई, पोमालु" म्हणत चेक लोखंड ओढतायत, हे मी पाहिलेलं आहे.

माझ्या ओडियाची कीर्ती कारखान्याबाहेरही गेली होती. काही वर्षांनी आलेल्या सिंहस्थात पंचवटीच्या पोलीस चौकीतून बोलावणं आलं. पुरीकडचा एक म्हातारा यात्रेकरू आपल्या माणसांपासून चुकला होता आणि तासाभरापासून हातवारे करून काहीतरी सांगत होता. त्याला कुणी लुटलं असावं असं हवालदारांचं मत. मी गेलो, ऐकून घेतलं. "काय गेलंय म्हणतो?" हवालदारांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही गेलं. दोन दिवस नुसत्या पोळ्या खाऊन कंटाळलोय म्हणतो, कुठे भात मिळेल का?" हवालदार आधी चिडले, मग त्यांनीच समोरच्या खाणावळीत नेऊन त्याला भात घातला.

पण दुभाषी म्हणून मी खरं काम एकाच दिवशी केलं असं मला वाटतं, तो दिवस वेगळा. ते आणीबाणीचं वर्ष होतं.

हॅमर जमिनीवर बसत नाही. त्याच्याखाली खोल खड्डा घ्यावा लागतो, त्यात काँक्रीट, त्यावर ओक लाकडाच्या जाड तुळया आणि त्यावर ऐरण. नाहीतर पहिल्या ठोक्याला शेजारच्या कारखान्याच्या काचा फुटायच्या. खड्डा खणायला सुरगाण्याकडची माणसं लावली होती. मृग जवळ आला तशी ती नागली-भाताच्या पेरणीसाठी गावी निघून गेली. ती दरवर्षी जातात, त्यात नवल नाही, पण पाटणकर मुंबईचे असल्यामुळे त्यांना नवल वाटलं. खड्ड्याचा तळाचा थर तेवढा राहिला होता. पाटणकरांनी दैतारीला विचारलं. खणणं हे खलाशाचं काम नाही, तरी तो म्हणाला, करून देऊ. दोन दिवस टोळीने मुरूम उपसलाही. आणि मग रज आला.

रज हा ओडिया लोकांचा सण, जूनच्या मध्याला येतो. आपल्याकडे रजस्वला म्हणतात त्यातलाच हा शब्द. पावसाच्या तोंडावर तीन दिवस धरणीमाता विटाळशी असते असं ते मानतात. त्या दिवसांत नांगर नाही, कुदळ नाही, मातीला हत्यार लावायचं नाही. बायका नवी लुगडी नेसतात, पायाला अळता लावतात, तांदूळ, गूळ आणि खोबऱ्याचा पोडपिठा निखाऱ्यावर भाजतात आणि मुली झोके घेतात. आपल्याकडे बायकांच्या त्या दिवसांत त्यांना कोपऱ्यात बसवायचे. तिकडे धरणीचा तोच सण करतात, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं होतं.

टोळीची बायकामुलं कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. सणाच्या पहिल्या सकाळी शेडजवळच्या चिंचेला झोका बांधलेला दिसला, तोही कारखान्याच्या नव्या दोराचा. पाटणकर आधी त्या दोराला पाहून भडकले. मग खड्ड्यात कुणी उतरलेलं नाही हे कळलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा आवाज खाली आला की मला भीती वाटायची.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "निकम, स्मर्झना सांगा, टोळी संपावर गेलीय."

मी म्हटलं, "साहेब, संप नाही हा. दैतारी म्हणतो, तीन दिवस माती सोडून काहीही सांगा. लोखंड उचलायचं, तुळया हलवायच्या, सगळं करतो."

"काम सांगितलं आणि केलं नाही, याला काय म्हणतात? आणि दुसरं काय सांगणार तुम्ही त्यांना? जमीन बाहेरची बसलीय म्हणून? अहो, तो माणूस युरोपातून आलाय. हसतील आपल्याला."

ते खोटं बोलत होते असं नाही, त्यांना खरोखरच लाज वाटत होती. पण हिशेबही होता. खड्डा लांबला तर मुंबईच्या ऑफिसला उत्तर त्यांना द्यावं लागणार होतं. संप म्हटलं की उत्तर टोळीने द्यायचं. आणि त्या वर्षी संप म्हणजे काय, हे सांगायला नको. पोलिसांना एक फोन केला की सरदाराला उचलून नेणार, तो परत कधी येईल याचा भरवसा नाही, आणि शेडमधली बायकामुलं त्याच संध्याकाळी रस्त्यावर. पाटणकरांना फक्त चेक इंजिनिअरकडून 'संप' हे वदवून घ्यायचं होतं. परदेशी तज्ज्ञाच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही.

"मी फोन लावायच्या आधी त्यांच्याशी बोलून घेऊ," ते म्हणाले. "चला खड्ड्यावर. आणि मी सांगतो तेवढंच बोला."

मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. केबिनपासून खड्ड्यापर्यंत चालताना मला हेच दिसत होतं, धरणीमाता वगैरे काही नाही.

खड्ड्याच्या काठावर स्मर्झ उभे होते. समोर दैतारी, धुतलेलं धोतर नेसून, तोंडात पान. आमचा क्रेन चालवणारा गांगुर्डे बाजूला बिडी विझवून थांबला होता.

पाटणकर म्हणाले, "सांगा."

मी दैतारीकडे वळलो आणि ओडियात विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे ते साहेबांना सांग." तो स्मर्झ यांच्याकडे बघत, मी उल्था करणार हे जाणून, सावकाश म्हणाला, "रजरे माटि खोळंति नाहिं." रजात माती खणत नाहीत. मग थोडं थांबून, "लोखंडाचं काम सांगा, आत्ता करतो."

आता हे चेकमध्ये सांगायचं. बाईंच्या वर्गात आणि नंतर स्मर्झ यांच्या हाताखाली मी बोल्ट, फ्लँज, गळती, तडा यांचे शब्द शिकलो होतो. विटाळशीचा शब्द मला कोण शिकवणार? मराठीत कावळा शिवला म्हटलं की भागतं. चेकमध्ये कावळ्याला मधे आणून काही उपयोग नव्हता. मी अडखळत सांगितलं की यांच्या गावी धरतीला आई मानतात, आणि घरातल्या बाईला महिन्यातून काही दिवस विश्रांती देतात तशी तिला वर्षातून तीन दिवस देतात. त्या दिवसांत तिला कुदळ लावणं म्हणजे आईला लावणं. माझे कान लाल झाले होते. स्मर्झ यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

पाटणकरांना चेकचं अक्षर कळत नव्हतं, पण मी एका शब्दाच्या जागी बरंच बोललोय हे कळलं. ते पुढे झाले आणि इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर स्मर्झ, दिस इज स्ट्राइक."

हा शब्द स्मर्झ यांना कळला. त्यांनी चिंचेकडे पाहिलं. दैतारीची मुलगी झोक्यावर उभी होती, दुसरी तिला ढकलत होती, खाली बायका पिठा वाटत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, "स्टाव्का?" म्हणजे, संप?

मी म्हटलं, "ने."

चेकमध्ये नाहीला 'ने' म्हणतात, ओडियात 'ना'. एवढ्यासाठी दुभाष्याची गरज लागत नाही. पाटणकरांनाही ते बरोबर कळलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मी घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव सुरू केली.

स्मर्झ यांनी टोपी काढून घाम पुसला आणि बोलायला लागले. यावेळी सगळं मलाच उद्देशून होतं. ते मोराव्हियातल्या एका खेड्यातले. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी, येशू गेला त्या दिवशी, जमीन हलवत नाहीत. नांगर नाही, फावडं नाही, कुंडीतली मातीसुद्धा नाही. सरकार आता हे मानत नाही, पण त्यांचे वडील मानायचे. एका वर्षी शेजाऱ्याने त्या शुक्रवारी कुंपणाचा खांब रोवला, तर गावाने त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. "तो खांब मी पाहिलाय," ते म्हणाले. "सरळ होता, चांगला होता. पण कोणी त्याला हात लावत नसे." मग दैतारीकडे बोट करून विचारलं, "यांच्यात किती दिवस?"

"तीन."

"आमच्यात एकच. हे जास्त नशीबवान."

हे मी आधी दैतारीला ओडियात सांगितलं आणि मग पाटणकरांना मराठीत. दैतारीने पान थुंकलं आणि पहिल्यांदा स्मर्झ यांच्याकडे नीट पाहिलं. स्मर्झ मोडक्या इंग्रजीत पाटणकरांना म्हणाले की टोळी आज तुळया उतरवेल, उद्या ऐरणीचं खोकं, खड्ड्याचं चौथ्या दिवशी बघू, उशीर झालाच तर कारण मी माझ्या नावावर लिहून देतो. परदेशी तज्ज्ञाच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही, हे पाटणकरांचंच मत होतं. फोन राहिला.

गांगुर्डे मला हळूच म्हणाला, "सर, म्हंजे तिकडं बी हेच हाय का? लय लांब हाय ना तो देश?" मी म्हटलं, लांब आहे.

त्या तीन दिवसांत पाऊस आला नाही. आला असता, खड्डा भरला असता, तर हीच गोष्ट मी आज वेगळ्या सुरात सांगत असतो.

चौथ्या दिवशी सकाळी टोळीच्या बायका मसाला वाटायचा पाटा घेऊन खड्ड्याच्या काठावर आल्या. त्यांच्यात त्या दिवशी पाट्यालाच धरणी मानून न्हाऊ घालतात. हळद लावली, पाणी घातलं, कुंकू, फुलं. स्मर्झ टोपी हातात घेऊन बाजूला उभे होते. पूजा झाली, बायका मागे सरल्या, टोळी कुदळी घेऊन पुढे आली, पण खाली कोणी उतरेना. सगळे स्मर्झ यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच काहीतरी विचारलं, मी सांगितलं, ते त्यांनी ओठांतल्या ओठांत दोनदा घोकलं. मग मोठ्याने दैतारीला म्हणाले, "आरंभ करिबा?" सुरुवात करायची? चेक माणूस प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर घणाचा ठोका घालतो, तसाच घातला.

दैतारीने कुदळ खांद्यावर घेतली आणि त्यांना म्हणाला, "टाक यो."

कुणी हसलं नाही. टोळी खाली उतरली. मी काठावर उभा राहिलो, आता कुणीतरी मला काही विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. दोन्ही भाषा येणारा नाशिकमधला एकटा माणूस तिथे रिकामा उभा होता, आणि मला इतकं बरं नोकरीत पुन्हा कधी वाटलं नाही.

हॅमर बसला, चालला. स्मर्झ गंगापूर रोडवरचा भाड्याचा बंगला सोडून त्यांच्या देशी गेले. दैतारीची टोळी मनमाडमार्गे पूर्वेकडे दुसऱ्या कुठल्याशा कामावर निघून गेली, आणि जाताना त्याच्या बायकोने पिठा बांधून दिला. मग पाटणकरांनी मला बोलावलं आणि स्टोअरला बदली केल्याचा कागद पुढे ठेवला. मी निवृत्त झालो तो तिथूनच. कागदावर कारण दिलं होतं: 'दुभाष्याची आवश्यकता उरलेली नाही.' त्या खड्ड्यावरच्या 'ने'चा त्यांनी असा हिशेब चुकता केला होता. मी सही केली. त्यांनी लिहिलेलं कारण चौथ्या दिवशी खड्ड्याच्या काठावरच खरं ठरलं होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही.